विश्लेषण : घोट्याला विजेचे झटके, मूत्राशयाला आराम? वृद्धाश्रमांतील मोठ्या चाचणीतून काय कळले?

घोट्याजवळ दोन चिकटपट्ट्या लावायच्या, अर्धा तास हलका विद्युतप्रवाह सोडायचा. आठवड्यातून दोनदा, असे सहा आठवडे. एवढ्यावर वृद्धांचे लघवीवरील सुटलेले नियंत्रण परत येणार असेल तर त्याहून सोपे आणि स्वस्त काय असू शकते? ब्रिटनमधील ३७ केअर होममध्ये ४०० हून अधिक रहिवाशांवर या उपचाराची चाचणी झाली. तिचा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो स्पष्ट होता. या रहिवाशांना उपचाराचा फायदा झाला नाही. मात्र पायातील त्याच मज्जातंतूला चेतना देणारी पद्धत इतर रुग्णांसाठी मान्यताप्राप्त आहे, अमेरिकेत तर त्यासाठी घोट्यात बसवायची उपकरणेही मंजूर झाली आहेत. मग वृद्धाश्रमात ती का चालली नाही? या प्रश्नाच्या उत्तरातून बरेच काही कळते, अगदी घरात आजी-आजोबांची काळजी घेणाऱ्यांनाही.

प्रश्न मोठा, पण दिसत का नाही?

लघवी लागली की धीर धरवत नाही, शौचालयापर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले होतात, खोकताना किंवा उठताना थेंब गळतात, किंवा लागली आहे हेच कळत नाही. हे सगळे प्रकार ‘लघवीवरील नियंत्रण सुटणे’ या एकाच नावाखाली येतात. वयानुसार त्यांचे प्रमाण वाढते आणि वृद्धाश्रम, नर्सिंग होम अशा ठिकाणी ते घरी राहणाऱ्या वृद्धांपेक्षा बरेच जास्त असते. अनेकदा घरच्यांना सांभाळणे अशक्य झाल्यानेच वृद्धाला संस्थेत ठेवण्याचा निर्णय होतो आणि त्यामागच्या कारणांत ओला बिछाना हे एक असते. ते सहसा उघडपणे सांगितले जात नाही.

यात जिवाला थेट धोका नसल्याने हा प्रश्न वैद्यकीय यादीत खाली राहतो. पण परिणाम गंभीर आहेत. सतत ओल राहिल्याने त्वचा सोलवटते, जखमा होतात. रात्री घाईघाईने शौचालयाकडे जाताना पडून खुब्याचे हाड मोडते. लग्नकार्य, देवदर्शन, एसटीचा प्रवास हळूहळू बंद होतो. काही जण पाणी पिणेच कमी करतात. त्यामुळे लघवी दाट होऊन मूत्राशयाचा दाह वाढतो, बद्धकोष्ठता होते आणि मूळ त्रास आणखी बळावतो.

ब्रिटनच्या केअर होममध्ये यावर सर्वाधिक वापरला जाणारा उपाय म्हणजे शोषक पॅड. पॅडमुळे कपडे कोरडे राहतात, पण गळती थांबत नाही. उपचार न करता केवळ सावरून घेण्याच्या या पद्धतीला पर्याय शोधावा, या विचारातून स्कॉटलंडमधील ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाच्या प्राध्यापक जोआन बूथ यांच्या नेतृत्वाखाली ‘इलेक्ट्रिक’ नावाची चाचणी उभी राहिली. तिला पैसा दिला ब्रिटनच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे एनआयएचआरने. यंत्र विकणाऱ्या कंपनीऐवजी सार्वजनिक पैशातून ही चाचणी झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

घोट्याचा आणि मूत्राशयाचा संबंध काय?

ऐकायला विचित्र वाटते, पण संबंध आहे. पायाच्या आतल्या बाजूने, घोट्याच्या हाडामागून टिबियल मज्जातंतू जातो. तो पाठीच्या कण्याच्या खालच्या भागातून निघणाऱ्या मुळांपासून बनतो. त्यातली काही मुळे, विशेषतः माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थी भागातली, मूत्राशयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंशी सामाईक आहेत. एकाच फीडरवरून दोन सोसायट्यांना वीज जावी, तसे काहीसे. पायाकडून जाणाऱ्या संदेशांनी त्या सामाईक जागी मूत्राशयाच्या अवेळी आकुंचनाला लगाम बसतो, असा यामागचा तर्क आहे. नेमके काय घडते हे पूर्ण उलगडलेले नाही.

ही कल्पना १९८३ मध्ये अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ एडवर्ड मॅकग्वायर यांनी वापरून पाहिली. चिनी अ‍ॅक्युपंक्चरमध्ये घोट्याच्या वरचा एक बिंदू मूत्राशयाच्या तक्रारींसाठी वापरला जातो, त्यावरून ती सुचली. पुढे १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मार्शल स्टोलर यांनी बारीक सुई टोचून प्रवाह देण्याची पद्धत विकसित केली. या सुईच्या पद्धतीचा सर्वात चर्चिला गेलेला पुरावा २०१० मधील ‘सुमिट’ चाचणीचा आहे. सतत आणि तातडीने लघवी लागणाऱ्या, म्हणजे अतिक्रियाशील मूत्राशयाच्या २२० रुग्णांपैकी खरा उपचार मिळालेल्या ५४.५ टक्क्यांनी सुधारणा झाल्याचे सांगितले, तर नावापुरता उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २०.९ टक्के होते.

सुई नको असेल तर त्वचेवर चिकटणारे इलेक्ट्रोड लावूनही प्रवाह देता येतो. गुडघेदुखी-पाठदुखीसाठी फिजिओथेरपी केंद्रात लावतात ते टेन्स यंत्र बहुतेकांना माहीत असते. हे त्याच जातीचे. सुई नाही, रक्त नाही, डॉक्टरची गरज नाही, काळजीवाहू कर्मचाऱ्याला शिकवले तरी चालते. केअर होमसाठी हे आदर्श वाटणे स्वाभाविक होते. बूथ यांच्याच गटाने २०१३ मध्ये ३० वृद्धांवर केलेल्या छोट्या अभ्यासात आशादायक चिन्हे दिसली होती. मोठी चाचणी करण्याचे कारण तेच.

चाचणी कशी झाली?

आठवड्यातून किमान एकदा गळती होणारे, पॅड वापरणारे, पण स्वतः किंवा कोणाच्या मदतीने शौचालयात जाऊ शकणारे रहिवासी निवडण्यात आले. ४०८ जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. नंतर दोन जण वगळले गेले. उरलेल्यांपैकी १९७ जणांना खरा उपचार आणि २०९ जणांना नावापुरता उपचार मिळाला. दोन्ही गटांना सहा आठवड्यांत अर्ध्या तासाच्या १२ बैठका. नावापुरत्या उपचारातही इलेक्ट्रोड लावले जात, यंत्र सुरू होई, कर्मचारी शेजारी असे. फक्त टिबियल मज्जातंतूला चेतना मिळणार नाही अशी व्यवस्था केलेली असे. कोणाला काय मिळते हे रहिवाशांना आणि निष्कर्षांची नोंद करणाऱ्यांना माहीत नव्हते.

यातील अनेकांना स्मृतिभ्रंश होता. ब्रिटनमध्ये अशा व्यक्तीला संशोधनात घ्यायचे तर कायद्याची वेगळी चौकट आहे. इंग्लंडमध्ये २००५ चा, तर स्कॉटलंडमध्ये २००० चा कायदा. त्यानुसार जवळच्या नातेवाइकाचे किंवा प्रतिनिधीचे मत घ्यावे लागते. ही कटकट टाळण्यासाठी बरेच संशोधक स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सरळ वगळतात. मग औषधे आणि उपकरणे तुलनेने धडधाकट लोकांवर तपासली जातात आणि वापरली जातात मात्र याच वृद्धांवर. या चाचणीने तो सोपा रस्ता घेतला नाही, ही तिची सर्वात जमेची बाजू.

मोजणीची पद्धतही बघण्यासारखी आहे. ‘बरे वाटते का’ हा प्रश्न स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला विचारून विश्वासार्ह उत्तर मिळेलच असे नाही. त्यामुळे २४ तासांत वापरलेले सगळे पॅड गोळा करून त्यांचे वजन केले गेले. ओल्या पॅडच्या वजनातून कोरड्या पॅडचे वजन वजा केले की किती गळती झाली ते कळते. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. काम किळसवाणे वाटेल, पण वजनकाट्याला कोणाची भीड पडत नाही. उपचारापूर्वी आणि सहा आठवड्यांनंतर असे वजन करून फरक काढला गेला.

निकाल काय लागला?

मुख्य मोजमाप ३४५ रहिवाशांचे, म्हणजे ८५ टक्के जणांचे मिळाले. खरा उपचार मिळालेल्या गटात २४ तासांतील गळती सरासरी फक्त ५ मिलीने कमी झाली. नावापुरत्या उपचाराच्या गटात ती ६६ मिलीने कमी झाली. इतर घटक हिशेबात धरून केलेल्या तुलनेत दोन्ही गटांतला फरक ६८ मिली निघाला आणि तो नावापुरत्या उपचाराच्या बाजूने होता.

याचा अर्थ विद्युतप्रवाहाने अपाय झाला का? संशोधकांच्या मते हा फरक आकडेवारीच्या सीमारेषेवरचा आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा नाही. ६८ मिली म्हणजे साधारण एक कटिंग चहा. दिवसभराच्या गळतीत एवढ्याने पॅड कमी लागत नाही की बिछाना कोरडा राहत नाही. शिवाय रहिवाशा-रहिवाशांतला फरक प्रचंड होता. सरासरी बदल ५ मिलीचा, पण त्याभोवतीचे प्रमाण विचलन ३६२ मिलीचे. कोणाची गळती बरीच घटली, कोणाची बरीच वाढली आणि सरासरीत सगळे एकमेकांत विरून गेले. वापरलेल्या पॅडची संख्या, शौचालय वापरण्याची क्षमता, जीवनमान यांपैकी कशातही दखल घ्यावा असा फरक आढळला नाही. उपचारामुळे गंभीर दुष्परिणामही झाला नाही.

‘उपचार नीट दिलाच नसेल’ ही शंका अशा वेळी हमखास येते. खऱ्या उपचाराच्या गटात ७८ टक्के जणांना ठरल्याप्रमाणे प्रवाह मिळाला, नावापुरत्या गटात ७१ टक्के जणांना. कर्मचाऱ्यांची सततची टंचाई आणि ये-जा असलेल्या केअर होममध्ये हे प्रमाण वाईट म्हणता येणार नाही. प्रत्यक्षात हा उपचार याहून काटेकोरपणे दिला जाईल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल.

इतरांना गुण येतो, मग इथे का नाही?

कळीचा मुद्दा हाच. ‘सुमिट’ चाचणीत चालते-फिरते, विनासायास स्वतः शौचालयात जाऊ शकणारे लोक घेतले होते. त्यांची अडचण मुख्यतः मूत्राशयाच्या अवेळी आकुंचनाची होती. ते आकुंचन शांत झाले की शौचालयापर्यंत पोहोचायला दोन मिनिटे जास्त मिळतात आणि कपडे कोरडे राहतात. साखळी सरळ आहे.

केअर होममधल्या आजींची साखळी लांब असते. आधी लघवी लागल्याचे मेंदूला कळले पाहिजे. मेंदूच्या पुढच्या भागाने ‘आत्ता नको, थांब’ असा संदेश दिला पाहिजे. स्मृतिभ्रंश किंवा पक्षाघातात नेमका हाच भाग दुबळा झालेला असू शकतो. मग ती गरज कोणाला तरी सांगता आली पाहिजे. बेल दाबल्यावर कोणीतरी आले पाहिजे. खुर्चीतून उठता आले पाहिजे, चालता आले पाहिजे, शौचालयाचे दार ओळखता आले पाहिजे, नाडी किंवा बटण सोडता आले पाहिजे. यातला एक दुवा तुटला तरी कपडे ओले होतात. डॉक्टर याला कार्यात्मक असंयम म्हणतात. म्हणजे मूत्राशय बऱ्यापैकी ठीक असूनही वेळेवर पोहोचता न येणे. घोट्याला दिलेल्या प्रवाहाने या साखळीतला फार तर एकच दुवा दुरुस्त होऊ शकतो.

त्वचेवरचे इलेक्ट्रोड सुईइतके परिणामकारक नसावेत, ही दुसरी शक्यता. ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेनेही महिलांच्या अतिक्रियाशील मूत्राशयासाठी त्वचेवरून टिबियल मज्जातंतूला चेतना देण्याची पद्धत देऊ नये, पुरावा अपुरा आहे, असे म्हटले आहे. सुईच्या पद्धतीलाही औषधांचा उपयोग न झाल्यास आणि रुग्णाला इतर पर्याय नको असल्यास, अशा अटींवरच तिने जागा दिली आहे. ‘यंत्राने लघवीचा त्रास बरा होतो’ असे सरसकट विधान ना इथे लागू पडते ना तिथे.

नावापुरत्या उपचाराने गळती कमी कशी झाली?

तो फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. त्यावर मोठा सिद्धांत उभारू नये. पण या क्षेत्रात असे पहिल्यांदा घडलेले नाही. शौचावरील नियंत्रण सुटलेल्या २२७ रुग्णांवर ब्रिटनमध्येच झालेल्या आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही टिबियल मज्जातंतूचा खरा उपचार घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना, तर नावापुरता घेतलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना गुण आला. दोन्हींत अर्थपूर्ण फरक नव्हता. नावापुरत्या उपचाराचा गट नसता, तर ‘दर तिघांपैकी एकाहून अधिक जणांना गुण’ असा मथळा सहज छापला गेला असता. यंत्रांच्या जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’चे आकडे असतात, तुलनेचा गट नसतो. तिथे फसगत होते ती अशी.

खर्चाचा हिशेब काय सांगतो?

चाचणीतील आर्थिक विश्लेषणानुसार उपचार देण्याचा खर्च प्रत्येक रहिवाशामागे ८१.२० पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे आठ हजार रुपये आला. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी माणशी १२१.०३ पौंड. वैद्यकीय उपचाराच्या मानाने रक्कम फार नाही. पण खरा खर्च वेळेचा आहे. अर्ध्या तासाच्या १२ बैठका म्हणजे एका रहिवाशामागे सहा तास. ३० रहिवासी असलेल्या आश्रमात सगळ्यांना उपचार द्यायचा तर आठवड्याला ३० तास फक्त यंत्र लावण्यात जातील. तेच ३० तास रहिवाशांना ठरावीक वेळी हात धरून शौचालयात नेण्यात घालवले तर?

हा काल्पनिक प्रश्न नाही. दर काही तासांनी विचारणे, शौचालयात जाण्याची आठवण करणे, मदत करणे आणि कोरडे राहिल्यास कौतुक करणे या पद्धतीचा अभ्यास गेल्या काही दशकांत अनेकदा झाला आहे. तिने दिवसा होणारी गळती निदान काही काळ कमी होते, असे दिसते. पुरावा भक्कम म्हणावा एवढा नाही. शिवाय अभ्यास संपला, जादा माणसे निघून गेली की पद्धतही बंद पडते. कारण उघड आहे. पॅड बदलायला लागणारा वेळ एका वृद्धाला उठवून, चालवून, बसवून, पुन्हा आणायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी असतो. ‘आजी, डायपर लावलाय ना, होऊ द्या त्यातच’ हे वाक्य निर्दयपणातून येतेच असे नाही. रात्रपाळीला एकच माणूस असला की ते येते. पण जिला अजून समजते आहे, त्या आजींना ते ऐकावे लागते.

औषधांचे काय?

अतिक्रियाशील मूत्राशयासाठी ऑक्सिब्युटिनिनसारखी जुनी औषधे आहेत. ती मूत्राशयाचे आकुंचन घटवतात, पण तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखे होणे हे त्यांचे त्रास वृद्धांत जास्त दिसतात. २०१९ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्या ५८ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. या गटातील तीव्र औषधे दीर्घकाळ घेणे आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध त्यात आढळला. औषधामुळेच आजार झाला, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. तरी वृद्धांना ही औषधे देताना डॉक्टर आता अधिक सावध असतात. मिराबेग्रॉनसारखी नवी औषधे वेगळ्या मार्गाने काम करतात, मात्र ती घेताना रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. गोळ्यांच्या या मर्यादांमुळेच विजेच्या उपचाराकडून एवढी आशा होती.

मग घोट्यात बसवायची उपकरणे कशासाठी?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये ‘ईकॉइन’ आणि २०२३ मध्ये ‘रेव्ही’ या उपकरणांना मंजुरी दिली. छोट्या शस्त्रक्रियेने ती घोट्याजवळ त्वचेखाली बसवतात आणि ती टिबियल मज्जातंतूला ठरावीक वेळी चेतना देतात. ‘रेव्ही’साठी बाहेरून घोट्यावर पट्टा बांधावा लागतो. दोन्ही उपकरणे तातडीने लघवी लागून गळती होणाऱ्या रुग्णांसाठी आहेत. आपल्याला नेमके कधी लागते आणि किती वेळ थांबता येते, हे सांगू शकणाऱ्या रुग्णांसाठी हा पर्याय उपयोगी ठरू शकतो. केअर होममधील चाचणी या उपकरणांना खोटे ठरवत नाही. उलट या उपकरणांच्या मंजुरीचा दाखला देऊन वृद्धाश्रमात घोट्याला टेन्स लावणे योग्य ठरवता येत नाही. एकाच मज्जातंतूचे नाव दोन्हीकडे येते म्हणून रुग्ण एक होत नाहीत.

महाराष्ट्रात याचा संबंध कुठे येतो?

टेन्स यंत्रे आपल्याकडे गल्लोगल्लीच्या फिजिओथेरपी केंद्रांत आहेत आणि ऑनलाइनही मिळतात. गुडघ्याला लावतो तेच घोट्याला लावून बघू, हा विचार कोणाच्याही मनात येऊ शकतो. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी यंत्रे वापरू नयेत. इतरांना धोका कमी असला तरी दुर्बल, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धासाठी त्यावर पैसे घालवण्याला या चाचणीनंतर आधार उरत नाही. स्वतः हिंडत्या-फिरत्या आणि फक्त घाईची लघवी असलेल्या व्यक्तीने मूत्ररोगतज्ज्ञाला विचारून या उपचाराचा विचार करणे ही वेगळी गोष्ट.

आपल्याकडे बहुतेक वृद्ध घरीच असतात आणि पॅडचा खर्च घरच्यांच्या खिशातून जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून क्लिनिकल डायपरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ही थोडी दिलाशाची बाब. संस्थांमधील स्थिती मात्र नीट मोजलीच गेलेली नाही. मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वय केलेल्या ‘लासी’ या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती घेतली गेली. पण ते कुटुंबांचे सर्वेक्षण. वृद्धाश्रमातल्या खाटेवर असलेली व्यक्ती त्यात येत नाही.

कायद्याचेही तसेच. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम १९ नुसार राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम सुरू ‘करू शकेल’. ‘करील’ असे त्यात म्हटलेले नाही. आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बाद झाले. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन आणि स्कॉटलंडमध्ये केअर इन्स्पेक्टोरेट केअर होमची तपासणी करून अहवाल जाहीर करतात. नातेवाईक तो मोबाइलवर वाचू शकतो. आपल्याकडे आश्रम निवडणाऱ्या मुलाला किंवा मुलीला रंगवलेल्या भिंती आणि बाग दिसते. रात्री दोन वाजता आईला शौचालयात न्यायला किती माणसे असतील, हे विचारल्याशिवाय कळत नाही. ते विचारायला हवे. सोबत शौचालयात आधाराच्या दांड्या आहेत का, खाटेपासून ते किती पावलांवर आहे, पॅड सरसकट लावतात की गरजेनुसार, हेही.

घरी काय तपासून पाहता येईल?

वृद्धांची गळती अचानक सुरू झाली असेल तर तिचे कारण बऱ्याचदा मूत्राशयाबाहेर सापडते आणि ते दूर करता येते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, अनेक दिवसांची बद्धकोष्ठता, पुरुषांत प्रोस्टेटची वाढ, रक्तदाब किंवा सुजेसाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी, झोपेची गोळी ही नेहमीची कारणे. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून बंद करू नये. लघवीतून रक्त येणे, जळजळ, ताप किंवा लघवी अजिबात न होणे अशा वेळी वाट पाहू नये.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवसांची नोंद ठेवली तर निदान सोपे होते : किती वाजता काय प्यायले, किती वाजता लघवीला गेले, गळती कधी झाली आणि तेव्हा काय चालले होते. साध्या वहीत चालते. त्यातून वेळा समजल्या की त्याआधी वीस मिनिटे शौचालयात नेणे, खाटेजवळ कमोड खुर्ची ठेवणे, वाटेत रात्रीचा दिवा लावणे, साडी किंवा नाडीच्या पायजम्याऐवजी इलॅस्टिकचे कपडे देणे, असे बदल त्या व्यक्तीपुरते ठरवता येतात. पाणी तोडू नये. फक्त झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत कमी करावे, तेही हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारून. ज्येष्ठांसाठीच्या केंद्र सरकारच्या १४५६७ या हेल्पलाइनवर वृद्धाश्रम आणि काळजीवाहू सेवांची माहिती विचारता येते.